सदू मास्तरांचा उजवा खांदा

सदू मास्तरांनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं, की माझा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरलेला आहे. त्या वेळी ते पलंगावर आडवे होते. त्यांच्या डाव्या हातात मी नुकत्याच दोन जाड सुया टोचल्या होत्या आणि त्यांचं रक्त नळीतून मशीनकडे निघालं होतं. अशा वेळी पेशंट छताकडे बघतात, देवाचं नाव घेतात, नाहीतर माझ्याकडे रागानं बघतात. मास्तर माझ्या एप्रनकडे बघत होते. बघून झाल्यावर हळहळून म्हणाले, "ज्यानं शिवलाय त्याला शोल्डर कळलेलाच नाय. मापात घोळ हाय, पोरी."

मापात घोळ हाय, हे त्यांचं एकूण जगाबद्दलचंच मत होतं. हायवेचं काम रखडलं, मापात घोळ. शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न मोडलं, मापात घोळ. हॉटेलातला वडा आतून कच्चा निघाला, तरी तेच. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझा एप्रन घरी नेला, खांदे उसवून पुन्हा शिवून आणला आणि तो घातल्यावर मी पहिल्यांदा डॉक्टरांपेक्षा डॉक्टर दिसायला लागले. डॉक्टरांना ते आवडलं नाही.

मी तेव्हा महाडच्या एका डायलिसिस केंद्रात टेक्निशियन होते. घर पोलादपूरला, सकाळच्या एसटीनं यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मास्तर हे केंद्रातले सगळ्यात जुने पेशंट. दोन्ही किडन्या बंद पडून नऊ वर्षं झाली होती आणि आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, ते आमच्या खिडकीजवळच्या पलंगावर असत. गाव उमरठच्या बाजूचं, पण चाळीस वर्षं महाडच्या बाजारपेठेतल्या एका बोळात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. कोर्टातल्या वकिलांचे काळे कोट ही त्यांची खासियत. माणूस रस्त्यानं चालत गेला तरी त्याची छाती, कंबर आणि बाही ते मनात टिपून ठेवत. नावं मात्र विसरत. आमच्या केंद्रातल्या वॉर्डबॉयला ते कायम "चौतीस कंबर" म्हणून हाक मारायचे.

आमच्या मशीनला कव्हर नाही, ही गोष्ट त्यांना पहिल्या वर्षी फार लागली होती म्हणे. त्यांनी पडल्या पडल्या नजरेनं माप घेतलं आणि मरून रंगाचं, खाली झालर लावलेलं कव्हर शिवून आणलं. डॉक्टरांनी जंतुसंसर्गाचं कारण सांगून ते परत केलं.  कव्हर शेवटी त्यांच्या घरच्या गॅस सिलिंडरवर चढलं, आणि थोडं मोठं झालं तरी चालून गेलं.

पण त्यांची एक गोष्ट खरोखर डोक्याची होती. डायलिसिसच्या वेळी थंडी वाजते आणि सुया टोचायला तर हात उघडा लागतो. मास्तरांनी पूर्ण बाहीच्या शर्टाला आतल्या बाजूनं मनगटापासून दंडापर्यंत उसवून टिचबटणं लावली. पाहिजे तेवढी बाही उघडायची, बाकीची बंद. दोन महिन्यांत केंद्रातले निम्मे पेशंट टिचबटणवाले झाले. सुया काढायची वेळ झाली की सगळीकडून टिचटिच आवाज यायचा.

शेजारच्या पलंगावर हिराबाय असायच्या. उमरठच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथल्या. घरी शेळ्या. त्यांनी मास्तरांकडे तसलाच टिचबटणांचा पोलका शिवायला टाकला होता आणि तो तयार होत नव्हता. दर वेळी त्या विचारायच्या आणि दर वेळी मास्तर सांगायचे की कटिंग झालंय. "कटिंग होऊन माज्या शेळीची दोन वेतं झाली," असं हिराबाय मला सांगायच्या, मास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात.

त्या वर्षी दिवाळीला मास्तरांनी स्वतःसाठी शर्ट शिवला आणि तो उजव्या खांद्यावर वर चढायला लागला. आधी त्यांना वाटलं टेप ताणली गेलीय. नवी टेप आणली. मग वाटलं कापड आटलंय. मग शिलाई मशीनच्या दातांवर संशय गेला. तिसऱ्यांदा बाहीचा मुंढा उसवायला बसले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे शालूकाकींनी, सांगितलं की अहो, शर्ट कशाला फाडताय, एकदा आतला खांदा तर बघा.

खांद्याच्या मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. दगडासारखी टणक. दुखत नव्हती, म्हणून मास्तरांना तो आजार वाटलाच नाही. त्यांना ती फिटिंगची अडचण वाटली. त्यांनी गाठीचं माप घेऊन त्या बाजूला जादा कापड सोडलं आणि विषय संपवला. पण गाठ काही त्या मापात राहायला तयार नव्हती. दर महिन्याला ते टेप लावत आणि दुकानातल्या कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवत. अडीच. पावणेतीन. साडेतीन. एकदा पोलादपूरहून येताना एसटीत शेजारचा माणूस पेंगत त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवायला गेला आणि टाळकं आपटून जागा झाला. त्यानं मास्तरांकडे असं बघितलं, जणू यांनी शर्टात पाटा-वरवंटा घातलाय.

आधी मला खांद्यावरचं ते जादा सोडलेलं कापड खटकलं. वजन घेताना त्यांनी शर्ट अडकवायला हात वर केला आणि तो कानापर्यंतसुद्धा गेला नाही. मी डॉक्टरांना सांगितलं. आमचे किडनीचे डॉक्टर मुंबईहून पंधरा दिवसांनी एकदा यायचे. त्यांनी एक्स-रे काढायला लावला. एक्स-रेमध्ये खांद्याच्या सांध्याभोवती पांढरे, गुबगुबीत गोळे दिसत होते, एकाला एक चिकटलेले. हिराबायनं मान वळवून बघितलं आणि म्हणाल्या, "फ्लावर लागलाय रे तुला."

डॉक्टरांनी मास्तरांना समजेल असं सांगितलं. जेवणातून पोटात फॉस्फरस जातो. किडनी चालू असेल तर तो लघवीतून निघून जातो. मशीन थोडाच काढतं. उरलेला रक्तात साठतो, कॅल्शियमला धरतो आणि वर्षानुवर्षं सांध्यांच्या आजूबाजूला चुन्यासारखा जमत राहतो. हा दगड म्हणजे तुमच्याच जेवणाचा शिल्लक माल आहे, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं की तुम्ही खाता काय.

मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "साहेब, तुमी पानी कमी सांगितलंव ना? मी नऊ वर्षं सगळं सुकंच खातो."

ते सुकं काय, हे ऐकताना डॉक्टरांनी हळूहळू पेन खाली ठेवलं. सुकट. सुके बोंबील. भाजलेले शेंगदाणे. चणे-फुटाणे. फरसाण. मशीनवरून उठल्यावर अशक्तपणा येतो म्हणून खव्याचा पेढा, तोही सुका. मास्तरांच्या हिशेबानं ज्यात पाणी नाही ते डायलिसिसवाल्याला चालतं. फॉस्फरसचे जेवढे म्हणून पदार्थ या तालुक्यात मिळतात, तेवढे त्यांनी शोधून काढले होते आणि निष्ठेनं खाल्ले होते. आहाराचा कागद त्यांना दिला होता. तो त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूला कॉलरचं कटिंग काढायला वापरला होता.

डॉक्टरांनी सगळं बंद केलं. शिवाय मास्तरांची सवय होती की चार तास पुरे व्हायला अर्धा तास राहिला की गिऱ्हाईक आलंय, सोड मला, म्हणून मागं लागायचं. डॉक्टरांनी चाराचे साडेचार तास केले. आणि जेवणाबरोबर घ्यायच्या मोठ्या गोळ्या दिल्या, ज्या अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवतात. दर जेवणाला दोन. मास्तरांना त्या गोळ्यांनी पोट गच्च वाटायचं. तरी शालूकाकी समोर बसून गोळ्या घ्यायला लावत, रिकामी पाकिटं मला आणून दाखवत. आणि रक्ताच्या तपासणीत फॉस्फरस होता तिथेच. तीन महिने डॉक्टर औषधाच्या कंपनीवर संशय घेत होते.

ते कोडं सुटलं एका शुक्रवारी. शालूकाकी केंद्रात आल्या त्या एक ओला शर्ट पिशवीत घालून. त्यांनी मास्तरांचा शर्ट बादलीत भिजत घातला होता. अर्ध्या तासानं बघतात तर शर्टाच्या पोटावर बेडकासारखा फुगा आलेला. त्या घाबरल्या. त्यांना वाटलं, नवऱ्याच्या अंगातली गाठ आता कपड्यांनाही व्हायला लागली. मग हात लावून बघितलं, तर बटणपट्टीच्या आत एक चोरखिसा शिवलेला. इतका सफाईदार की वरून शिलाईचा पत्ता नाही. आणि त्यात आठवडाभराच्या गोळ्या. या गोळ्या पाण्यात पडल्या की पाणी पिऊन फुगतात. चोरखिशात त्यांचा लगदा होऊन तो दुप्पट-तिप्पट झाला होता.

काकींनी तो शर्ट मास्तरांच्या पोटावर ठेवला. मास्तर मशीनला जोडलेले, त्यामुळे पळायला जागा नाही. त्यांनी खिसा चाचपला, शिलाईवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "बग, येवडा फुगला तरी टाका सुटला नाय."

शालूकाकी हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि उरलेले तीन तास एकही शब्द न बोलता तिथे बसून राहिल्या.  त्या दिवशी सुया काढताना मास्तर मला हळूच म्हणाले की ही ओरडली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून काकी प्रत्येक जेवणाला गोळी त्यांच्या जिभेवर ठेवायच्या आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायच्या. फॉस्फरस थोडा खाली आला. पण गाठ आता संत्र्याएवढी झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी फुगून बसल्या होत्या आणि त्या हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत राहिल्या होत्या. मुंबईला जाऊन त्या काढाव्या लागतील, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. मास्तर म्हणत होते, कोर्टाच्या सुट्ट्या लागू देत. मग म्हणाले, लग्नसराई होऊ दे. मग काही कारण उरलं नाही, तरी ते गेले नाहीत.

मग वकिलाच्या कोटाचं प्रकरण झालं. एक तरुण वकील नव्या कोटाची ट्रायल द्यायला दुकानात आला. मास्तरांनी कोट चढवला, मागे उभं राहून पाठ बघितली, तर काळ्या कापडावर पांढरा ठिपका. खडूचा असेल म्हणून त्यांनी झटकला. आणखी एक पडला. तोही झटकला. झटकून झटकून वकिलाची पाठ पांढरी व्हायला लागली. मास्तर मनात म्हणत होते, आपण तर निळा खडू वापरतो, हा पांढरा आला कुठून. वकिलानं वळून बघितलं आणि त्यालाच दिसलं, की मास्तरांच्या उजव्या खांद्यावरचा शर्ट ओला झालाय. गाठीवरची कातडी ताणून ताणून फुटली होती आणि आतून दंतमंजनाच्या पेस्टसारखा पांढरा चुना बाहेर येऊन बाहीतून बोटांपर्यंत उतरत होता.

वकिलानं त्यांना रिक्षात घालून आमच्याकडे आणलं. तो अजून कच्च्या टाक्यांच्या कोटातच होता, एक बाही नसलेल्या. मास्तरांना आपल्यापेक्षा त्याचीच काळजी. असल्या अवस्थेत याला कोर्टातल्या कुणी बघितलं तर माझं नाव जाईल, असं ते मला सांगत होते.

मी जखम पुसली, पट्टी बांधली. यातून जंतू शिरले तर काय होतं हे मला माहीत होतं, आणि मी ते त्यांना स्पष्ट सांगितलं. ते ऐकून घेत होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. मग त्यांनी उजव्या हाताची बोटं उघडून मिटून बघितली.

"कात्री उचलत नाय गो आता," ते म्हणाले. "डाव्यानं उजव्याला धरतो आणि कापतो. शालूला म्हाईत नाय. हिराबायचा पोलका कापलेलाच नाय मी. मुंढा वाकडा जाईल म्हणून भ्यालो."

मी विचारलं, मग ऑपरेशनला का जात नाही. तर म्हणाले की गळा कापतात त्यात, आणि गळा चुकला की कपडा गेला, दुरुस्ती नाही. चाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांचे हजारो गळे कापले होते, त्यामुळे या बाबतीत ते कोणाचं ऐकून घेणार नव्हते.

शेवटी त्यांना तयार केलं हिराबायनं. मशीनवर पडल्या पडल्या त्यांनी जाहीर केलं, की पोलक्याचं कापड परत दे, मी पोलादपूरच्या टेलरकडे टाकते. तो दीड दिवसात देतो. मास्तरांचं ब्लडप्रेशर माझ्या डोळ्यांसमोर वाढलं. पुढच्या सोमवारी ते मुंबईला गेले.

तिकडचं मी ऐकलेलं सांगते, शालूकाकींकडून. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मास्तरांनी अंघोळ केली, आरशासमोर उभे राहिले आणि निळ्या खडूनं स्वतःच्या गळ्यावर एक रेघ मारली. कॉलरचं पहिलं बटण लावल्यावर कॉलर जिथे बसते, त्याच्या पाव इंच खाली. दोन्ही टोकांना खुणा, मध्ये मध्यबिंदू. सर्जननी ती बघितली आणि विचारलं हे काय. मास्तरांनी सांगितलं, साहेब, इथनं कापा, कॉलरखाली झाकून जाईल. सर्जननी रेघेला पट्टी लावून बघितली. मग म्हणाले की मी याच्याहून फक्त एक सेंटिमीटर वरून घेणार होतो, तुमची रेघ चालेल. हा किस्सा मास्तर पुढे सांगत, तेव्हा सर्जननी त्यांना आपल्याकडे नोकरी देऊ केली होती असाही एक भाग त्यात आला. तो काकींना आठवत नाही.

ऑपरेशननंतर मात्र एक गंमत झाली. ग्रंथी गेल्या तशी इतकी वर्षं रिकामी होत आलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घ्यायला लागली. मास्तरांच्या ओठांना, बोटांना मुंग्या आल्या, पायात गोळे आले. मग सलाइनमधून कॅल्शियम, वर मूठभर कॅल्शियमच्या गोळ्या. काकी संतापल्या. ज्याचा नवऱ्याच्या खांद्यात दगड झाला, तेच आता हे लोक पोटात घालतायत, म्हणून त्या नर्सशी भांडल्या. डॉक्टरांनी समजावलं की हाडं उपाशी आहेत. मास्तर परत आले ते हाच शब्द घेऊन. "माजी हाडं उपाशी हायत," असं सांगून ते पेढा मागायचे. मी द्यायची नाही.

गाठ हळूहळू विरघळायला लागली. कोणी हात लावला नाही, कापली नाही, आपोआप. जखम भरली. सव्वापाच इंचांची साडेचार झाली, मग पावणेचार, मग तीन. डॉक्टरांनी ती कॅलेंडरमागची मापं मागून घेतली, कारण एवढी नेमकी नोंद कुठल्याही हॉस्पिटलच्या फायलीत नव्हती. आम्ही सगळे खूश. मास्तर मात्र चिडचिडे झाले. मी विचारलं, तर कळलं की गाठ गृहीत धरून त्यांनी सात शर्ट शिवले होते, उजवा खांदा मोठा ठेवून. ते सातही आता लोंबत होते. "ही जायची होती तर आदी सांगायचं ना," ते डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टरांनी माफी मागितली.

हिराबायचा पोलका पुढच्या श्रावणात आला. मधल्या काळात त्या वाळल्या होत्या, त्यामुळे तो दोन्हीकडून ढगळ झाला. मास्तरांनी परत मागितला. हिराबायनं दिला नाही. त्या म्हणाल्या, एकदा नेला की हा माज्या बाराव्या दिवसाला देईल. आणि ढगळ पोलक्यात, टिचटिच करत, मशीनवर आडव्या झाल्या.

मला पुढे चिपळूणला नोकरी मिळाली. मास्तर त्यानंतर दोन वर्षं होते. एके दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत, असं शालूकाकींनी मला फोनवर सांगितलं. हृदय थांबलं होतं. जाऊन त्यांना बघणं मला जमलं नाही. त्यामुळे मला ते दिसतात ते मी महाड सोडलं त्या सकाळचे.

ते आणि काकी मला पोचवायला एसटी स्टँडवर आले होते. मी चिपळूणच्या गाडीत खिडकीशी बसले होते. काकी खालून काय काय सांगत होत्या, मास्तर शेजारी उभे होते. तेवढ्यात औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून आलेला एक माणूस समोरून गेला. त्याच्या पँटची एका पायाची दुमड सुटून जमिनीवर लोळत होती. मास्तरांनी त्याला थांबवलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण तो माणूस ओशाळून खाली बघायला लागला. मग मास्तर तिथेच, स्टँडच्या फरशीवर, त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसले. खिशातून सुई-दोरा काढला. तोल जाऊ नये म्हणून त्या माणसानं शालूकाकींच्या खांद्याचा आधार घेतला. कंडक्टरनं घंटी मारली. मी हात हलवला, काकींनीही हलवला, त्या माणसानंसुद्धा, कोणाला ते न कळून, हलवला. मास्तरांच्या तोंडात दोरा होता. त्यांनी वर न बघता त्या माणसाच्या पोटरीवर टिचकी मारली, सरळ उभा राहा म्हणून, आणि गाडी वळली.